पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद रुग्णाच्या हाती द्या

प्रति,
संपादक

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील गुडघ्याच्या एसीएल (सांध्याच्या आतला, नडगीला पुढे सरकू न देणारा अस्थिबंध) शस्त्रक्रियेवरील लेख पहिल्या शस्त्रक्रियेपुरता होता. तीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करण्याची पाळी आली की काय होते, ते गेल्या वर्षभरात आमच्या घरी अनुभवल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझी मुलगी कबड्डी खेळते. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्यात तुटलेल्या एसीएलच्या जागी हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडरेचा, ग्राफ्ट (कलम) बसवला होता. ती मैदानात परतली, पण चढाईत वळताना गुडघा निसटतो ही तिची तक्रार कायम राहिली आणि आम्ही ती मनातली भीती समजून सोडून दिली. नव्या सर्जनांनी पाय आत वळवून धरत गुडघा हळूहळू वाकवला, तेव्हा नडगीचे हाड आधी पुढे सरकले आणि मग खट्कन जागेवर गेले; म्हणजे ग्राफ्ट गुडघा धरून ठेवत नव्हता. त्यानंतर ‘भीती’ हा शब्द मी तिच्यापुढे काढलेला नाही.

सीटी स्कॅनमध्ये दिसले की ग्राफ्ट अडकवण्यासाठी मांडीच्या हाडात पाडलेला जुना बोगदा योग्य जागेच्या पुढे पाडलेला होता आणि रुंदावून 15 मिलिमीटरचा झाला होता. नवा बोगदा योग्य जागी पाडावा, तर तो जुन्यातच मिसळणार. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला की सुतार आधी भोक बुजवतो, तसेच येथे करावे लागले: जुना स्क्रू काढून कमरेच्या हाडाचा चुरा बोगद्यात भरला आणि तो सांधायला पाच महिने दिले. नंतर क्वाड्रिसेप्स टेंडनचा, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या वर असलेल्या मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेचा, ग्राफ्ट घातला. दात्याच्या (दुसऱ्या व्यक्तीच्या) ऊतीचा ग्राफ्ट डॉक्टरांनी सुचवलाच नाही, कारण अमेरिकेत दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 1200 रुग्णांच्या अभ्यासात रुग्णाच्या स्वतःच्या ऊतीचा ग्राफ्ट दोन वर्षांत तुटण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले होते.

शिवाय मांडीच्या बाहेरील पट्ट्याची साधारण एक सेंटिमीटर रुंद फीत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटखालून (अस्थिबंधाखालून) नेऊन हाडाला पक्की केली. 14 ते 25 वयाच्या 618 रुग्णांवरील, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी फीत जोडल्याने ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले. अर्थात ते रुग्ण पहिल्या शस्त्रक्रियेचे होते, हे डॉक्टरांनीच प्रांजळपणे सांगितले. नडगीच्या माथ्याचा उतार जास्त असला की ग्राफ्टवर ताण येतो; तो एक्स-रेवर 9 अंश भरला. तो 12 च्या वर असता तर हाड कापून उतार कमी करण्याचाही विचार करावा लागला असता.

हे सारे ठरवताना डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘जुनी ऑपरेशन नोट आहे का?’ आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होते आणि त्यावर ‘एसीएल शस्त्रक्रिया केली’ एवढीच एक ओळ. ग्राफ्ट किती जाडीचा होता, स्क्रू धातूचा की विरघळणारा, मेनिस्कसला (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके घातले की तो कापला, यातले काहीच आम्हाला सांगता येईना. जुन्या रुग्णालयाने तीन वर्षांपुढची कागदपत्रे ठेवत नसल्याचे कळवले. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात, त्यामुळे त्या मुदतीवर बोट ठेवता येत नाही. मात्र ग्राफ्ट मुदत पाहून तुटत नाही. म्हणून ऑपरेशन नोट न मागताच डिस्चार्ज कार्डाला जोडून देणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही ती प्रत घरी निघण्यापूर्वीच मागून घेतली. ती दीड पानाची आहे आणि तिच्या तळाशी स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकरही चिकटवलेले आहे.

आपला,
एक पालक, सातारा