माळशेजला बंदीपेक्षा बस द्या

महोदय,

पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांवर जमावबंदी लागते आणि तरीही शनिवार-रविवारी ठाणे-कल्याणच्या गाड्यांची घाटात रांग लागतेच. भर वळणावर गाडी उभी, पोरं कठड्यावर सेल्फी काढताहेत, वरून दरडीची भीती, समोरून ट्रक. पोलीस तरी किती जणांना हुसकावणार?

त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी मुरबाड ते घाटमाथा अशी दर अर्ध्या तासाने एसटी सोडावी. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, पुढे आळेफाटा-नगरला जाणाऱ्यांना अडवता येणार नाही, हे मान्य. पण घाटात गाडी थांबवायला सक्त मनाई करता येईल आणि भटकायला आलेल्यांच्या गाड्या मुरबाडलाच लावून घेता येतील. माथेरानला गाड्या दस्तुरीलाच थांबतात, म्हणून तिथे जायचं कोणी सोडलेलं नाही.

आणि खरं सांगू का, हा रस्ता एसटीतूनच बघावा. खिडकी कठड्याच्या वर येते, दरी थेट डोळ्यांखाली. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मध्येच विटेसारखे तांबडे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जी माती तयार झाली, तिचे हे पट्टे. सप्टेंबरात त्यावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग चढतो. जुलैत धुक्यात भिजून परतणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही! वर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी लागतं, ते वेगळंच.

शिवाय वाटेतली गावं. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी ही नावं आपल्याला फक्त पाट्यांवरची. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. मोरोशीच्या डोक्यावर भैरवगडाचा सरळसोट कातळ. जूनमध्ये या भागातल्या बाया शेवळं ही रानभाजी आणि त्यासोबत तिच्यात घालायची काकडं ही आंबट रानफळं विकायला बसतात. ऐंशीच्या वेगाने जाणारी कार त्यांच्यापाशी थांबत नाही. बस थांब्यावर थांबते, माणसं उतरतात, चहा-भाकरीचे दोन पैसे गावात राहतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे आमच्यासारख्यांचे महिला गट तर नक्की येतील.

घाट ठाणे आणि पुणे या दोन जिल्ह्यांत विभागला आहे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आणि एसटी महामंडळाने मे महिन्यातच एकत्र बसून वेळापत्रक ठरवावं. जुलैत गर्दी झाल्यावर काढलेला आदेश कोणी वाचत नाही.

– एक वाचक, कळवा, ठाणे