रंग पक्का आहे म्हणून कापड चांगलं असं नाही

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

गणपतीला भाचीसाठी आमच्या बेळगावच्या बाजारातनंच गडद निळा पॉलिएस्टरचा रेडिमेड परकर-पोलका घेतला, पोरगी रोज तोच घालायची, आणि आठ दिवसांत काखेत अन् मानेवर, कापड घासतं बरोबर तिथंच, लालभडक पुरळ. स्किनच्या डॉक्टरांनी पहिलं कपडा बंद करायला सांगितलं. म्हणाले, पॉलिएस्टरला लावतात त्या डिस्पर्स नावाच्या रंगांत, त्यातल्या त्यात काही निळ्यांत, ही अ‍ॅलर्जी नेहमीची आहे. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, "ताई, धुवून बघा, रंग जाणार नाही."

पण रंग जात नाही म्हणून तो निर्धोक कसा? काही अ‍ॅझो नावाचे केमिकल रंग तुटले की त्यातनं बेंझिडीनसारखी अमाइन नावाची द्रव्यं सुटतात, त्यानं मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या देशात असे ११२ रंग हाताळायला १९९७ पासून बंदी आहे. युरोपात जाणाऱ्या कापडात किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर हे अमाइन सापडलं तर माल विकताच येत नाही. हे डोळ्याला दिसत नाही ओ, लॅबमध्ये कापडाचा तुकडा केमिकलमध्ये तापवून रंग फोडतात आणि मग मशीनवर मोजतात. परदेशी गिऱ्हाइकासाठी एवढं सगळं, आणि आमच्या पोरांच्या अंगावरचं कापड कोण तपासतं?

यात विणकरावर कुणी बोट ठेवू नये. मी वडगावातल्या मागवाल्या घरातली सून, सूत रंगवूनच येतं, सुताच्या कोनाच्या बॉक्सवर शेड नंबर असतो, आत कुठला रंग ते लिहिलेलं नसतं. सासऱ्यांची बोटं रात्री जेवतानासुद्धा हिरवी असायची, साबणानं घासली तरी. म्हणजे पहिला धोका मागावरच्या माणसालाच. टेस्टची फी एकट्या छोट्या मागवाल्याला झेपत नाही, विणकरांच्या सोसायटीनं मिळून सुताचे नमुने पाठवले तर जमेल.

नवा कपडा धुवूनच घाला हे खरं, त्यानं सुटा रंग आणि सुरकुती पडू नये म्हणून लावलेलं फॉर्मलिन बरंचसं निघतं, पण धाग्यात पक्का बसलेला बंदीचा रंग धुण्यानं जात नाही. म्हणून जिल्हा प्रशासनानं दसरा-दिवाळीच्या आधी खडेबाजार, रविवार पेठ, शहापूर आणि निपाणी-खानापूरच्या आठवडी बाजारातनं, मुख्य म्हणजे लहान मुलांच्या कपड्यांचे, नमुने उचलावेत, डाइंगवाल्यांकडचेही घ्यावेत, आणि रिपोर्ट मराठी-कन्नड दोन्हीत जाहीर करावा. तुमच्या पेपरनं तो पूर्ण छापावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव