परवान्यावरचा अंगठा

महोदय,

दाभोळ खाडीकाठच्या आमच्या घरात आजोबांची पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळाशी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा एक परवाना सापडतो : फोटो, खाली काळ्या शाईत उमटवलेला अंगठा. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं तिकडे पोटापाण्यासाठी गेली. गावी येऊन परत जायचं, तर आधी हा कागद हवा. मुदत टळली की दार बंद. १९१३ च्या तिथल्या कायद्याने नव्या हिंदुस्थानी माणसांची वाट जवळपास बुजवलीच. तो कायदाही 'स्थलांतराचा' म्हणूनच आणला होता, वंशाचं नाव न घेता! पुढे काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात पासबुक, म्हणजे कुठे राहायची-फिरायची मुभा आहे ते सांगणारं ओळखपत्र, बाळगायला लावलं, ते १९८६ पर्यंत.

म्हणून अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या बातम्या वाचताना मला ती पेटी आठवते. २०१० मध्ये तिथल्या ॲरिझोना राज्याने पोलिसांना, अडवलेला माणूस बेकायदा राहतोय असा संशय आला तर कागद तपासायला सांगितलं. संशय कशावरून? बोलण्यावरून, कातडीवरूनच ना? सीमा राखायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हे मान्य. पण एकाला हात दाखवून थांबवायचं आणि शेजारच्या गोऱ्याला सोडायचं, याला सीमा राखणं म्हणत नाहीत.

आणि आपण? आमच्या आंब्याच्या बागेतल्या नेपाळी गड्याला गेल्या आठवड्यात एसटीत चेहरा बघून कागद मागितले. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार त्याला इथे राहायची, काम करायची मुभा आहे. बाकी कोणालाच विचारलं नाही. मी शेजारीच बसलो होतो.

– एक वाचक, दापोली