बायको जर्मनीत, लॅपटॉप गावात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात विदेशात नोकरीला गेलेल्या पोरापोरींच्या बातम्या येतात, हारतुरे, पेढे, फोटो, चांगलंच आहे. पण जो मागं गावात राहते त्याचं कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहून राहिलो.

मी दारव्हा तालुक्यातला. गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो, म्हणजे सातबारा, पीक विमा, पॅन, फार्मर आयडी, जे म्हणाल ते. बायको नर्स आहे, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा काढून ती स्टुटगार्टकडं गेली, माझं जाणं कागदपत्रं झाल्यावर. कधी, ते कोणी सांगत नाही. तोवर रोज रात्री व्हिडिओ कॉल, तिची ड्युटी सुटते तेव्हा आपल्याकडं जेवणं उरकलेली असतात, उन्हाळ्यात साडेतीन तासाचा फरक आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ मागं केलं की साडेचार.

तर तिनं मला तिकडून लॅपटॉप घेऊन दिला. म्हणे, "तुम्हाला पुढं इकडंच यायचं आहे ना, मग इकडचाच घेते, जर्मन शिकायला कामी येईल." मलाही वाटलं फॉरेनचा माल, स्वस्त पडंल, मजबूत असंल. आई तर शेजारणीला सांगून आली. इथंच आमचं चुकलं, आणि दोघंही तितकेच चुकलो, तिच्यावर नाही ढकलत.

स्वस्ताचं पहिले सांगतो. जर्मनीत लॅपटॉपच्या किमतीत १९ टक्के टॅक्स असते, आपल्याकडं जीएसटी १८. तो टॅक्स परत मिळतो असं कोणीतरी तिला सांगितलं होतं, पण तो युरोपच्या बाहेर राहणाऱ्याला मिळते, जो माल घेऊन तीन महिन्यांच्या आत बाहेर निघते त्याला. तिथं नोकरी करणारीला कुठून मिळंल? अमेरिकेवाल्यांचं वेगळं, तिथं पाटीवरच्या किमतीत टॅक्स धरलेलाच नसते, राज्यागणिक वेगळा लागते, म्हणून इथं बसून डॉलरचा गुणाकार करून खूश होऊ नका.

आणायचं कसं हा दुसरा घोर. कुरिअरनं पाठवला तर गिफ्ट लिहिलं तरी टॅक्स चुकत नाही. प्रवासी घेऊन आला तर १८ वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप कस्टममध्ये माफ आहे. एक. तिच्यासोबतची अमरावतीची एक नर्स सुट्टीवर येत होती, तिच्याकडं स्वतःचाही होता, मग बिचारीनं आपला तिकडंच मैत्रिणीकडं ठेवला आणि माझा हातातल्या बॅगेत घालून आणला. त्या ताईचे उपकार आहेत आमच्यावर, दिवाळीला चिवडा पाठवला तेवढ्यानं फिटत नाहीत.

करंटचं म्हणाल तर भानगड नाही. तिकडंही २३० व्होल्ट, इकडंही २३०, (लाइन असली तर, लोडशेडिंगचं काय सांगू). पिना गोल आहेत पण आपल्या बोर्डात ढिल्या बसून चटचट ठिणग्या मारत होत्या. लोक महागडे कन्व्हर्टर घेतात. काही गरज नाही, चार्जरच्या डब्यातून भिंतीकडं जाणारी वायर निघते, ती दारव्ह्याच्या मोबाइल दुकानात मिळून जाते, डबा तोच ठेवायचा. अमेरिकेचा असंल तर डब्यावर १०० ते २४० लिहिलेलं पाहा, तिकडं १२० व्होल्टच असते. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असंल तर मागं ११५ आणि २३० चं बटन असू शकते, ते पाहिल्याशिवाय प्लग लावाल तर धूर निघंल.

खरी गंमत कीबोर्डची. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागेवर असतात, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, तिला तर सवय होऊन गेली होती. पहिल्याच आठवड्यात फार्मर आयडीची रांग लागलेली, लोक सकाळपासून पायरीवर बसलेले, आणि मी एका काकांचा पॅन टाकून राहिलो तर इनव्हॅलिड, पुन्हा टाकला, पुन्हा इनव्हॅलिड. काका म्हणाले, "बापू, मशीन फॉरेनची हाये, आपलं पॅन तिले समजत नसंल." वायचा झेड होत होता. ईमेलमधलं ॲट काढायला शिफ्ट आणि दोन दाबलं तर अवतरण चिन्ह उमटते, ॲट तिकडं क्यूवर आहे, उजव्या बाजूचं वेगळं बटन दाबून. सेटिंगमध्ये इंग्लिश इंडिया केलं, मग माझं न पाहता टायपिंग ठीक चाललं, पण मदतीला जो पोट्टा आहे तो बटनं पाहून टाइप करते, त्याचा रोज गोंधळ. आणि मजा पाहा, मराठीला काहीच त्रास झाला नाही! इन्स्क्रिप्ट म्हणजे मराठी टायपिंगची पद्धत, तिच्यात बोटं जागेवर चालतात, छापलेल्या अक्षरावर नाही, ब आणि भ जिथं असतात तिथं झेड छापलेलं आहे, असू दे.

सात महिन्यांनी चार्जिंग घेणं बंद झालं. सर्व्हिस सेंटरला गेलो, (शकुंतला रेल्वे कधीच बंद पडली, एसटीनं अर्धा दिवस जातो), त्यांनी नंबर टाकला आणि म्हणाले हा युरोपचा माल आहे, इथं वॉरंटी लागत नाही, हे मॉडेल इथं विकतच नाही तर पार्ट मागवावा लागंल, पैसे भरून. कंपनीचं नाव लिहीत नाही, अट बिलासोबतच्या कागदावर होती, जर्मनमध्ये, आम्हीच वाचली नाही. युरोपात दुकानदारावर दोन वर्षांची जबाबदारी असते म्हणतात ते खरं आहे, पण त्यासाठी लॅपटॉप दुकानदारापुढं न्यावा लागते, आणि दुकान स्टुटगार्टला.

माझं म्हणणं एवढंच की माणूस जिथं बसून वाट पाहून राहिला तिथलं मशीन घ्या, जिथं तो कधीतरी जाईल तिथलं नको. इथला लॅपटॉप वर्षभर वापरून सोबत नेला तर आपलं वापरातलं सामान म्हणून जाते, आणि जर्मन अक्षरं सेटिंग बदलून त्याच्यावरही निघतात. तिकडूनच घ्यायचा असंल तर निदान इंटरनॅशनल वॉरंटी लिहिलेली आहे का ते आधी पाहा, इंग्रजी कीबोर्डवाला मागा, तिकडंही ऑर्डर देऊन मिळते. तुमच्या पेपरात विदेशातल्या नोकऱ्यांचं पान निघते, त्यात मागं राहणाऱ्यांसाठीही असलं काही छापत जा, ही विनंती.

सध्या वाय आणि झेडवर मी कागदाचे स्टिकर चिकटवले आहेत, पोट्ट्याचं काम सुरू आहे. परवा बायकोला व्हिडिओवर दाखवले तर ती हसतच सुटली, म्हणे इकडं येताना काढून आणा.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ