कुत्रं चावलेल्या पेशंटना सांभाळणाऱ्या सिस्टरांचे जाहीर आभार

सिस्टर,

सप्रेम नमस्कार. तालुक्यात खासगी दवाखाने चालवणारे आम्ही काही डॉक्टर मिळून हे पत्र लिहीत आहोत. कुत्रं चावलेला पेशंट आला की आम्ही जखम धुतो, चिठ्ठी लिहितो आणि ग्रामीण रुग्णालयात तुमच्याकडे धाडतो. खरं किचकट काम तिथून पुढे सुरू होतं आणि ते तुमच्या वाट्याला येतं. नुसतं 'धन्यवाद' म्हणून भागणार नाही. नेमकं कशाबद्दल, ते चार लोकांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र.

आधी धुण्याबद्दल. आमच्याकडून धुऊन आलेली जखमही तुम्ही पुन्हा वाहत्या नळाखाली धरायला लावता. साबण लावून, घड्याळ बघून, १५ मिनिटं. रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. साबणानं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. हे सगळे जाणतात, तरी बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत उरकतं. जखमेत हळद, चुना, तिखट भरून आलेल्यांवर तुम्ही डाफरत नाही, आधी ते काढून टाकता. टाक्यांची घाई करत नाही, कारण सुईबरोबर विषाणू आणखी खोल जातो. घालावेच लागले तर आधी सिरम (विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), मग काही वेळानं सैलसर एखाद-दुसरा टाका.

पण आमचे मोठे आभार सिरमबद्दल आहेत. लसीचं नाव गावात सगळ्यांना माहीत असतं, सिरमचं फारसं कुणाला नाही. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्या काळात विषाणू जखमेतल्या स्नायूत वाढतो आणि मज्जातंतूच्या टोकात शिरतो. एकदा तिथे शिरला की रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठू शकत नाहीत, आणि तो मेंदूच्या दिशेनं सरकत राहतो. लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून मधल्या दिवसांसाठी सिरममधली तयार प्रतिपिंडं जखमेतच भरावी लागतात. चेहरा, मान आणि बोटांच्या जखमा जास्त घातक. तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, चेहऱ्यापासून मेंदूही जवळ.

सिरम कमरेत टोचून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि ते तसं दिलं जाताना आम्ही पाहिलेलं आहे. कमरेतून ते अंगभर पातळ होऊन पसरतं, जखमेत पोचतं नावापुरतं. तुम्ही तसं करत नाही. घोड्यापासून केलेलं सिरम असेल तर किलोमागे ४० युनिट, मानवी असेल तर २०. म्हणजे १५ किलोच्या मुलाला घोड्याचं ६०० युनिट. एका मिलीत ३०० युनिट असतील तर जेमतेम २ मिली. त्याच मुलाला पाच-सहा ठिकाणी दात लागले असतील तर २ मिलीत भागत नाही. अशा वेळी तुम्ही मात्रा वाढवत नाही, कारण जादा सिरम लसीचंच काम दाबतं. सलाइन मिसळून आकारमान वाढवता, म्हणजे एकही जखम कोरडी राहत नाही. बोटाच्या जखमेत तर बारीक सुईनं, कडेकडेनं, थेंब थेंब. बोट पांढरं पडू लागलं की थांबायचं, नाहीतर आतल्या दाबानं रक्तपुरवठा अडतो. पोर किंचाळत असतं, आई "बस झालं हो" म्हणत असते, आणि तुमचा हात हलत नाही. शेजारी अ‍ॅड्रिनलिन तयार असतं, सिरमची रिअ‍ॅक्शन आली तर.

लसीचंही तसंच. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, कातडीच्या आत. संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत फोड उठला तर लस नीट बसली. नाही उठला तर सुई खोल गेली, शेजारीच पुन्हा टोचायची. लसीची उघडलेली व्हायल (छोटी बाटली) २ ते ८ अंशांत ठेवून, वर वेळ लिहून, ६ ते ८ तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. हे नियम तुमच्याकडे वाकवले जात नाहीत.

"पोटात चौदा इंजेक्शनं" ही धास्ती अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००५ च्या सुमारास देशात बंद झाली, हे तुम्ही किती जणांना समजावलं असेल! कुत्रं घरचं आहे, दहा दिवस बघू, असं म्हणणाऱ्यांनाही तुम्ही पहिला डोस त्याच दिवशी घ्यायला लावता. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचं ठरवता येतं. माकड किंवा कोल्हा चावला असेल तर दहा दिवसांचा हिशेब लागूच नाही.

आमच्या बाजूनं यापुढे एवढं होईल. चिठ्ठीवर पेशंटचं वजन, चावल्याची वेळ, रक्त आलं का, आणि पूर्वी पूर्ण कोर्स झालाय का, हे लिहूनच पाठवू. पूर्वी झाला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस आणि सिरम नाही, म्हणजे तुमचा साठाही वाचेल. सिरम संपल्याचं कळलं तर लस तुमच्याकडे लगेच सुरू होऊ दे. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं, तेव्हा पेशंटला जिल्हा रुग्णालयात पोचवायची व्यवस्था आम्ही बघू.

आपले,
तालुक्यातले खासगी डॉक्टर