घोडा नसलेला घोडेस्वार

पुणे, 14 जुलै

प्रिय मन्या,

परवा पावसात तुळशीच्या कुंडीमागे ही मोठी गोगलगाय निघाली. आई मीठ आणायला धावली आणि मला आठवला एस्कॅव्हेलियर. पोकेमॉन ब्लॅक या व्हिडिओ गेममधला, दोन हातांच्या जागी दोन भाले असलेला तो नाइट.

त्याचं नाव बघ. 'एस्कार्गो' म्हणजे फ्रेंच लोक खातात ती गोगलगाय आणि 'कॅव्हेलियर' म्हणजे घोडेस्वार. जपानी नाव शुबारुगो; त्यातही फ्रेंच 'शव्हालिए' आणि तोच एस्कार्गो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी घोडा, आणि या पठ्ठ्याला घोडा सोड, साधे पायही नाहीत! फ्रेंचांनी मात्र सरळ 'लान्सार्गो' करून टाकलं, म्हणजे भालेवाली गोगलगाय. मला तेच जास्त आवडतं.

खरी गंमत पुढेच आहे. जपानात मायमायकाबुरी नावाचा एक भुंगा असतो. 'मायमाय' म्हणजे गोगलगाय, 'काबुरु' म्हणजे डोक्यावर घालणं. याचं डोकं आणि मान लांब, निमुळती. ती तो शंखात खुपसतो, आत पाचकरस सोडतो आणि गोगलगायीचं मांस विरघळवून खातो. बघणाऱ्याला वाटावं, साहेबांनी शंखाची टोपी घातलीय. एस्कॅव्हेलियरचं आधीचं रूप म्हणजे कॅराब्लास्ट; त्याचं जपानी नाव काबुरुमो, त्यातला 'काबुरु' हाच. म्हणजे आपला चिलखतवाला वीर मुळात शंखचोर! आपण उगाच 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणत त्या बिचारीला नावं ठेवतो. (खऱ्या भुंग्याला उडता येत नाही. गेममधला एस्कॅव्हेलियर मात्र झपाझप उडतो.)

युरोपातल्या 13व्या-14व्या शतकांतल्या हस्तलिखितांच्या समासांत गोगलगायीशी लढणारे नाइट काढलेले दिसतात. इथे तर नाइटने गोगलगायीलाच अंगावर चढवलंय.

तुझ्या हॉस्टेलच्या खाटेवरची अदलाबदल आठवते? कॅराब्लास्ट आणि शंखवाला शेल्मेट यांची दोन खेळाडूंत अदलाबदल झाल्याशिवाय दोघंही पुढच्या रूपात बदलत नाहीत. माझा कॅराब्लास्ट तुझ्याकडे गेला, तुझ्या शेल्मेटचा शंख पांघरून नाइट झाला. शेल्मेट म्हणजे शेल अधिक हेल्मेट, तेव्हा हे नावातच लिहिलेलं होतं. माझ्या वाट्याला आला शंख गमावलेला अ‍ॅक्सेलगॉर, अंगाला पट्ट्या गुंडाळलेला निन्जा. पळतो जोरात, पण मला नाइट हवा होता रे. परत मागणार तेवढ्यात तुझी बॅटरी संपली, आणि दुसऱ्या दिवशी तू गावी गेलास.

दिवाळीला येशील तेव्हा माळ्यावरचा तो डीएस, आपला हातातला गेम, काढून आण. चार्जर माझ्याकडे आहे.

तुझा,
पक्या