रखडले म्हणजे फसले नव्हे

महोदय,

कालच्या अंकातला हायड्रोजन विमानांवरचा अग्रलेख वाचला आणि रात्री उशिरापर्यंत तो डोक्यातून जाईना. हायड्रोजनवर उडणारे प्रवासी विमान आणण्याची २०३५ ची मुदत एअरबस या विमाने बनवणाऱ्या कंपनीने पुढे ढकलली, हे खरेच आहे. पण त्यावरून या क्षेत्रातले संशोधक इतकी वर्षे जगाला गाजर दाखवत होते, हा निष्कर्ष आपण कशाच्या आधारावर काढलात? तारखा कंपन्यांचे प्रमुख जाहीर करतात. चाचणीकक्षात उभ्या असलेल्या माणसाला कुणी तारीख विचारत नाही. विचारली असती, तर त्याने आधी टाकीचे सांगितले असते. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो आणि केरोसीनइतकीच ऊर्जा साठवायला त्याला साधारण चौपट जागा लागते. आज इंधन पंखांत मावते. हायड्रोजनची जाड आवरणाची गोलसर टाकी पंखांत बसत नाही, ती विमानाच्या धडात घ्यावी लागते, आणि मग सगळा आराखडाच नव्याने मांडावा लागतो. हे काम करणाऱ्यांनी यातले काहीही लपवलेले नाही. छापणाऱ्यांनी ते छापले नाही.

मला इतके लागायला कारण आहे. माझी नोकरीतली बरीच वर्षे इंधनाच्या चाचण्यांत गेली, त्यातही मुख्यतः सीलच्या, म्हणजे सांध्यांतून इंधन गळू न देणाऱ्या रबरी कड्यांच्या. विमानाच्या केरोसीनमध्ये ॲरोमॅटिक संयुगे, म्हणजे कार्बन अणूंचे कडे असलेली संयुगे, असतात. इंधनाच्या नळ्यांच्या सांध्यांत नायट्राइल या कृत्रिम रबराच्या ज्या गोल रिंग (ओ-रिंग) असतात, त्या या संयुगांमुळे किंचित फुगतात आणि त्या फुगण्यानेच सांधा घट्ट राहतो. वापरलेल्या तेला-चरबीपासून केलेल्या इंधनात ॲरोमॅटिक जवळजवळ नसतात. वर्षानुवर्षे जुन्या इंधनात मुरलेली रिंग काढून या इंधनात ठेवली की ती आक्रसते. फरक मोजायला मायक्रोमीटर लागतो, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण दाब दिला की काही वेळाने सांध्याच्या खालच्या कडेला ओल धरते, तिथे एक थेंब जमतो, लोंबतो आणि ट्रेमध्ये पडतो. नवी कोरी रिंग बहुधा निभावून नेते, दगा देते ती जुनी. आणि जगातल्या विमानांत जुन्या रिंगांची काही कमी नाही. असे खनिज तेलापासून न केलेले इंधन, म्हणजेच शाश्वत विमान इंधन, नेहमीच्या उड्डाणांत केरोसीनमध्ये आजही जास्तीत जास्त ५० टक्केच मिसळता येते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आमच्याकडे अशा वापरलेल्या रिंगांचे नमुने होते. कोणती रिंग कोणत्या इंधनात किती काळ होती, किती फुगली, इंधन बदलल्यावर किती आक्रसली, याच्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्या होत्या. मग तेलाचे भाव उतरले आणि वरून पत्र आले, की पर्यायी इंधनाची तूर्त निकड राहिलेली नाही. विभाग गुंडाळला. माणसे इकडेतिकडे पाठवली. वह्या जागा अडवतात म्हणून रद्दीत गेल्या, नमुन्यांचे डबे भंगारात गेले. निदान वह्या तरी ठेवा म्हणून मी लेखी विनंती केली होती, तिचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. पुढे भाव पुन्हा चढले. निवृत्तीनंतर एका तरुण अभियंता मुलीचा फोन आला, 'सर, जुन्या सीलवरचे तुमचे आकडे कुठे मिळतील?' मी काय सांगणार? जे आम्ही करून ठेवले होते, ते तिला पहिल्यापासून करावे लागले. आपण अग्रलेखात विचारता की या संशोधनाला इतकी वर्षे लागतातच कशी. अशी लागतात!

आणि हे आमच्याच एका खोलीत घडले असे नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर नासा आणि इंजिनकंपन्यांनी आवरणाविना फिरणाऱ्या पंख्याच्या इंजिनावर काम सुरू केले. जनरल इलेक्ट्रिकचे तसे इंजिन १९८६ मध्ये बोइंग ७२७ ला लावून प्रत्यक्ष उडवले गेले. नासा आणि तिच्या सहकाऱ्यांना या कामासाठी १९८७ ची कॉलियर ट्रॉफी हा अमेरिकेतला विमानविद्येचा मानाचा पुरस्कारही मिळाला. तोवर तेल स्वस्त झाले होते, विमान कंपन्यांचा रस संपला आणि ते इंजिन बाजूला पडले. २०२१ मध्ये सीएफएम या विमान-इंजिन कंपनीने २० टक्क्यांहून अधिक इंधन वाचवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, ते याच उघड्या पंख्याच्या कल्पनेवर. मधल्या साडेतीन दशकांचा जाब आपण कुणाला विचारणार? पंख्याची पाती घडवणाऱ्याला?

अग्रलेखातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. उड्डाणे वाढत राहिली तर इंजिनात वाचवलेले सगळे त्यात वाहून जाते, आणि २०२४ मध्ये जगभरच्या विमान इंधनात शाश्वत इंधनाचा वाटा जेमतेम ०.३ टक्के होता. हा आकडा लाजिरवाणाच आहे. मात्र कारखाने उभारायला पैसा न घालणाऱ्यांचे आणि नियम लांबणीवर टाकणाऱ्यांचे अपयश आपण प्रयोगशाळेच्या माथी मारले आहे, आणि ते मला मान्य नाही.

२८ नोव्हेंबर २०२३ च्या लंडन-न्यूयॉर्क उड्डाणाला आपण 'देखावा' म्हटले आहे. त्या बोइंग ७८७ मध्ये जीवाश्म केरोसीन मिसळलेलेच नव्हते. ८८ टक्के इंधन टाकाऊ तेला-चरबीपासूनचे होते आणि उरलेले १२ टक्के वनस्पतींतल्या शर्करेपासून केलेले ॲरोमॅटिक केरोसीन. हे १२ टक्के कशासाठी, ते वर लिहिलेच आहे. कुणीतरी त्या थेंबाखाली ट्रे धरून बसले, मोजत राहिले, म्हणून ते विमान अटलांटिक ओलांडू शकले. त्याला देखावा म्हणताना आपल्या लेखकाने एका तरी रसायनतज्ज्ञाशी बोलायला हवे होते.

जाता जाता अग्रलेखाशेजारच्या छायाचित्राबद्दल. निळ्या आकाशातल्या पांढऱ्या रेघांखाली आपण 'विमानांतून बाहेर पडणारा कार्बन वायू' अशी ओळ दिली आहे. कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही. त्या रेघा बर्फाच्या कणांच्या असतात. इंजिनातली काजळी थंड, दमट हवेत गेली की तिच्या कणांवर बाष्प गोठते. या रेघा पसरून त्यांचे ढग होतात तेव्हा ते उष्णता अडवतात, म्हणजे हा विषय किरकोळ नाही. ही काजळी मुख्यतः ॲरोमॅटिकपासूनच होते. रबराला जे हवे, तेच आकाशाला नको, असा हा पेच आहे आणि सध्या अनेक जण तो सोडवण्यामागे आहेत. २०२१ मध्ये जर्मनीच्या डीएलआर या अवकाश व विमान संशोधन संस्थेचे छोटे फाल्कन विमान एका एअरबस ए३५० च्या मागे, थेट त्या रेघांत शिरून, कण मोजत उडाले. पुढचे विमान १०० टक्के शाश्वत इंधनावर असताना जळलेल्या इंधनाच्या दर किलोमागे बर्फाचे कण नेहमीच्या केरोसीनच्या तुलनेत ५६ टक्क्यांनी कमी भरले. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या अंकात ते आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

छायाचित्राच्या ओळीची दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर छापावी, ही विनंती. आणि माझे पत्र लांबले म्हणून कापायचेच असेल तर माझ्या नोकरीची हकिकत खुशाल कापा, डीएलआरच्या मोजणीचा आकडा तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त इंधन-चाचणी अभियंता